बांधावरचे भांडण, कलम १०३ आणि बचावाचा वकील

आपण विचारलेला प्रसंग थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातील आपल्या वाडीत गडग्याच्या, म्हणजे हद्दीवर रचलेल्या दगडी कुंपणाच्या, हद्दीवरून आपले चुलते आणि शेजारी यांच्यात बाचाबाची झाली, तीत चुलत्यांच्या हातून शेजाऱ्याच्या डोक्याला मार बसला, जखमीला आधी ग्रामीण रुग्णालयात, तेथून रत्नागिरीला आणि पुढे कोल्हापूरला हलवण्यात आले आणि सहाव्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाबद्दल, नोंदवलेल्या गुन्ह्यात आता कलम १०३, म्हणजे खून, वाढवले आहे, आणि चुलत्यांबरोबर त्यांच्या मुलालाही कलम ३(५), म्हणजे समान इरादा, लावून अटक झाली आहे. आपण स्वतः मुंबईत नोकरीला आहात. हा खरोखर खून ठरतो का, वकील आत्ताच द्यावा की दोषारोपपत्र येईपर्यंत थांबावे, आणि ‘काही केले नसेल तर वकील कशाला’ असे गावकीत बोलले जात असताना व तालुक्यातल्या दोन वकिलांनी नकार दिलेला असताना काय करावे, असे आपले तीन प्रश्न आहेत.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सत्र न्यायालयांत मी बरीच वर्षे बचाव पक्षाकडून फौजदारी खटले चालवत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : वकील आत्ताच द्यावा, शक्य असेल तर पुढच्या रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी न्यायालयात हजर करण्याच्या, तारखेआधी. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या बारीकसारीक तपशिलांवर अवलंबून आहे, ते तपशील या पहिल्या काही आठवड्यांतच कागदावर येतात किंवा कायमचे निसटतात. खटला उभा राहीपर्यंत दीड-दोन वर्षे गेली, की उलटतपासात कितीही कौशल्य दाखवले तरी जे नोंदवलेच गेले नाही ते तयार करता येत नाही.

आता खून म्हणजे काय, ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे लोकांच्या तोंडी असलेले ‘तीनशे दोन’ आता कलम १०३(१) झाले आहे आणि ‘तीनशे चार’ हे कलम १०५. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच कलमे लागतात. कलम १०० मध्ये सदोष मनुष्यवधाची व्याख्या आहे आणि कोणता सदोष मनुष्यवध खून ठरतो ते कलम १०१ सांगते. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो, आणि या दोहोंमधल्या अंतरावर माणसाच्या आयुष्याची वर्षे अवलंबून असतात. खुनाला जन्मठेप किंवा मृत्युदंड आहे, त्याखाली काही नाही. खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाला कलम १०५ खाली, मृत्यू घडवण्याचा किंवा मृत्यू येण्याचा संभव असलेली इजा करण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि दंड, आणि हेतू नसून केवळ जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंतचा कारावास आणि दंड आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६(१) लागते आणि तेथे कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. एकच मृत्यू, एकच मृतदेह, पण आरोपीच्या मनात त्या क्षणी काय होते यावर त्याचे कलम ठरते.

मन कोणी उघडून पाहू शकत नाही, म्हणून न्यायालय ते बाहेरच्या खुणांवरून वाचते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पुलिचेर्ला नागराजू प्रकरणात अशा खुणा एकत्र मांडल्या आहेत : हत्यार कोणते होते, ते आरोपीने बरोबर आणले होते की जागेवरून उचलले, घाव शरीराच्या मर्मस्थानी होता का, किती जोराने मारले, एकच घाव होता की अनेक, भांडण अचानक उसळले की आधीपासून ठरवलेले होते, पूर्वीचे वैर होते का, समोरच्याने चिथावणी दिली होती का. आपल्याकडची भांडणे नजरेसमोर आणली तर यातला प्रत्येक मुद्दा किती नाजूक आहे ते कळेल. मे महिन्यात बागायतीत काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता असणे हे रोजचे आहे. तो कोयता ‘घरून आणला’ असे फिर्यादीत लिहिले गेले की पूर्वतयारी दिसते, आणि ‘काम करत असताना त्याच्याकडे होताच’ असे साक्षीदाराच्या जबाबात आले की चित्र पालटते. हे वाक्य जबाबात येणे न येणे हे तपास अधिकाऱ्याने प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते.

येथे बहुतेक कुटुंबांचा एक गैरसमज असतो आणि तो मला वारंवार दूर करावा लागतो. ‘मारायचा हेतू नव्हता, फक्त मारहाण करायची होती’ हे पूर्ण उत्तर नाही. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५८ च्या निकालात, जेथे भाल्याचा एकच घाव होता, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ठार मारण्याचा हेतू सिद्ध करण्याची सरकार पक्षाला गरज नाही. जी जखम झाली तीच जखम करण्याचा हेतू होता, ती चुकून किंवा अपघाताने झालेली नव्हती, आणि निसर्गक्रमाने ती मृत्यू आणण्यास पुरेशी होती, एवढे सिद्ध झाले तरी तो खून ठरतो. त्यामुळे ‘एकच फटका मारला’ एवढ्यावर कोणी कलम १०५ ची खात्री देत असेल तर त्यावर विसंबू नका. एका फटक्यात खून ठरल्याचे निकाल आहेत आणि अनेक फटक्यांत न ठरल्याचेही आहेत.

आपल्या प्रकरणात खरी चर्चा कलम १०१ च्या अपवादांची होईल, विशेषतः चौथ्या अपवादाची. पूर्वनियोजन नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात झटापट झाली, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूर वा असाधारण रीतीने वागला नाही, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध ठरतो, आणि पहिली आगळीक कोणी केली याला येथे महत्त्व नाही. पहिला अपवाद गंभीर आणि अचानक चिथावणीचा आहे, पण त्याची कसोटी कडक आहे. १९५९ च्या नानावटी प्रकरणात तोच बचाव घेतला गेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्या वेळात राग शमायला हवा होता. आपल्याकडे हे असे घडते : सकाळी बांधावर बोलाचाली होते, माणूस घरी जातो, पेज जेवतो आणि दुपारी पुन्हा जाऊन मारतो. मधली ती पेज बचावाला महागात पडते. आपल्या चुलत्यांच्या बाबतीत बोलाचाली आणि फटका यांच्यात किती वेळ गेला, मध्ये कोणी कोठे गेले का, हे मिनिटांच्या हिशेबाने नोंदवून घ्या.

खासगी बचावाचा हक्क कायद्यात आहे, परंतु बांध कोरला किंवा गडगा ढकलला एवढ्यासाठी मालमत्तेच्या रक्षणार्थ कोणाचा जीव घेण्याचा अधिकार तो देत नाही. शरीराच्या बचावाची गोष्ट वेगळी आहे. शेजाऱ्याने आधी हल्ला केला असेल आणि चुलत्यांना स्वतःला लागले असेल, तर अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत त्या जखमा नोंदल्या गेल्या आहेत का, हे आजच पाहायला हवे. ही तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ५३ नुसार बंधनकारक आहे, पण बरेचदा ‘बाह्य जखमा नाहीत’ असा शेरा घाईत मारला जातो आणि आरोपी, घाबरलेला असल्यामुळे, हाताला आलेली सूज दाखवतही नाही. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याच्या कथनाविषयी शंका निर्माण होते, असे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालात म्हटले आहे. पण त्यासाठी जखम कुठेतरी नोंदलेली असावी लागते, आणि सूज आठवड्यात उतरते.

जखमीच्या वैद्यकीय कागदांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा खटल्याचा कणा तोच असतो. पहिला कागद ग्रामीण रुग्णालयातला. तेथे डॉक्टर ‘काय झाले’ असे विचारतात आणि जो सांगेल त्याचे म्हणणे केसपेपरवर लिहितात. पोलीस प्रकरण नको म्हणून कोणीतरी ‘गडग्यावरून पडला’ असे सांगितलेले असते, आणि दोन दिवसांनी दिलेल्या फिर्यादीत कोयत्याने वार केल्याचे येते. ही तफावत बचावाच्या बाजूची आहे की नाही, हे कोणी सांगितले आणि का सांगितले यावर ठरते, पण कागद हाती असल्याशिवाय काहीच ठरत नाही. नंतर शवविच्छेदनाचा अहवाल. त्यातील रकाना १७ मध्ये बाहेरच्या जखमा असतात आणि रकाना १९ मध्ये डोक्याच्या आतील दुखापत. समजा, रकाना १७ मध्ये डोक्याच्या डाव्या बाजूला एक ‘फाटलेली जखम’ आहे, तिच्या कडा ओबडधोबड आहेत, आणि फिर्यादीत मात्र कोयत्याच्या धारेने वार केल्याचे आहे. धारेने जखम चिरते, तिच्या कडा साफ असतात. फाटलेली जखम दांड्याने, दगडाने, कोयत्याच्या पाठीने किंवा जांभ्याच्या चिऱ्यावर डोके आपटल्यानेही होऊ शकते. या चारांपैकी कोणते घडले यावर हेतूचा सारा प्रश्न फिरतो. शिवाय कोल्हापुरात डोक्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची जखम आणि मूळ जखम वेगळी दाखवली आहे का, हेही पाहावे लागते, नाहीतर एका जखमेच्या दोन होतात.

‘वेळेवर उपचार मिळाले असते तर तो वाचला असता’ हा युक्तिवाद मात्र तुम्हाला वाटतो तितका उपयोगाचा नाही. राजापूरहून कोल्हापूरला घाट चढून जाण्यात किती वेळ जातो हे आपण सगळे जाणतो, आणि वाटेत जीव गेलेली माणसे प्रत्येक वाडीत आहेत. परंतु कलम १०० च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की योग्य उपचारांनी मृत्यू टळू शकला असता तरीही ज्याने जखम केली त्यानेच मृत्यू घडवला असे मानले जाईल. अर्थात, मृत्यू जखमेमुळे झाला की नंतरच्या जंतुसंसर्गासारख्या कारणाने, आणि जखम निसर्गक्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी होती का, हे प्रश्न डॉक्टरांना विचारता येतात आणि विचारले पाहिजेत. त्याने निर्दोष सुटका सहसा होत नाही, कलम मात्र बदलू शकते.

आणखी एक गोष्ट लगेच शोधा : त्या सहा दिवसांत जखमी शुद्धीवर होता का आणि त्याने कोणाला काही सांगितले का. नायब तहसीलदारांनी किंवा पोलिसांनी त्याचा जबाब घेतला असेल तर तो नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २६ खाली मृत्युपूर्व जबाब म्हणून पुराव्यात येतो, आणि नातेवाइकाला तोंडी सांगितलेलेही येऊ शकते. एकापेक्षा अधिक जबाब असतील आणि त्यांत नावे वाढत गेली असतील, तर ती बाब आपल्या चुलतभावासाठी फार मोलाची आहे.

चुलतभावाचे प्रकरण वेगळे आहे आणि दोघांचा वकील एकच असावा का, हाही प्रश्न त्यातून निघतो. कलम ३(५) म्हणजे समान इरादा. नुसते तेथे हजर असणे किंवा आरोपीचा मुलगा असणे पुरत नाही, इरादा दोघांचा होता आणि त्यानुसार दोघे वागले हे दाखवावे लागते, जरी तो इरादा जागेवरच निर्माण झाला असला तरी चालतो. फिर्यादीत ‘मुलाने धरून ठेवले आणि बापाने मारले’ असे वाक्य आहे का ते पाहा. कोकणातल्या भाऊबंदकीच्या फिर्यादींत हे वाक्य इतक्या ठरावीक साच्यात येते की मी ते नेहमी सावधपणे वाचतो, पण न्यायालय ते खरे मानू शकते हेही खरे. पाच किंवा अधिक जणांची नावे असती तर कलम १८९ व १९० खालची बेकायदेशीर जमाव ही बाब आली असती आणि घरातल्या बायकांनाही त्यात ओढले गेले असते. तसे झालेले नाही, ही जमेची बाजू समजा. मुलाचा बचाव ‘मी सोडवायला गेलो होतो’ असा असेल आणि वडिलांचा ‘मी मारलेच नाही’ असा, तर हे दोन बचाव एका वकिलाला एकाच तोंडाने मांडता येणार नाहीत. बाप-लेकांना वेगळे वकील देणे घरच्यांना आपापसात फूट पडल्यासारखे वाटते, पण ते हिताचे असते.

आता अटकेनंतरचे दिवस. अटकेची कारणे लेखी देणे आवश्यक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत असे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले, तेव्हा पहिल्या रिमांडच्या कागदांत ती आहेत का, ते वकील पाहील. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, नातेवाइकाला कळवणे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे हे सगळे कायद्यात आहे. वकील चौकशीभर शेजारी बसू शकत नाही, भेटू शकतो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच असते, परंतु नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार खुनासारख्या गुन्ह्यात ती पहिल्या साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते, म्हणून एकदा न्यायालयीन कोठडी झाली की पोलिसांचा संबंध संपला असे समजून गाफील राहू नये.

कोठडीत चुलत्यांनी काय बोलावे, हे त्यांना वकिलाने समजावून सांगितले पाहिजे, आणि तेही प्रत्यक्ष भेटून. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. परंतु हे सांगणाऱ्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मधल्याच एका अपवादामुळे ‘मी दांडा अमुक ठिकाणी टाकला, तो काढून देतो’ असे म्हणून वस्तू काढून दिली, तर तेवढे विधान आणि ती जप्ती पुराव्यात येते. यालाच आपण निवेदन पंचनामा म्हणतो. सरकारी पंचांच्या सह्यांसह, आता बहुधा व्हिडिओ चित्रीकरणासह, बांबूच्या बेटातून काढलेला तो दांडा न्यायालयात टेबलावर येतो. जबाबावर सही करणे बंधनकारक नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नये. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने नाकारलेली आहे. मात्र खोटे काही रचून सांगणे सर्वांत घातक, कारण तेच पुढे उलट अंगावर येते.

याच कारणाने, आपल्या भागात होणाऱ्या एका वेगळ्या घटनेचा उल्लेख करतो. रात्री डुकराच्या मागे गेलेल्या टोळीत एकाची गोळी झुडपामागच्या दुसऱ्याला लागते. त्याच वेळी जखमीला उचलून रुग्णालयात नेले आणि खरे सांगितले तर प्रकरण बहुधा निष्काळजीपणाने मृत्यू, शस्त्र अधिनियम आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम यांच्या आसपास राहते. पण घाबरून मृतदेह हलवला, काडतूस फेकले, ‘कोणीतरी अनोळखी माणसाने गोळी मारली’ असे सांगितले, की पुरावा नष्ट केल्याचे कलम २३८ लागते आणि तपास खुनाच्या दिशेने वळतो. आपल्या घरच्यांनी दांडा धुणे, कपडे जाळणे, मोबाइलमधले संदेश पुसणे किंवा साक्षीदारांच्या घरी जाऊन ‘समजावणे’ असले काही केले असेल, तर तेही वकिलाला सांगा, आणि पुढे काहीही करू नका. साक्षीदाराला भेटणे एवढ्यावरूनही जामीन रद्द होऊ शकतो.

जामिनाचे पाहू. खुनाच्या गुन्ह्यात न्यायदंडाधिकारी, स्त्री, बालक किंवा आजारी व्यक्ती यांचा अपवाद वगळता, सहसा जामीन देऊ शकत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली सत्र न्यायालयात आणि तेथे नाकारला तर उच्च न्यायालयात जावे लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट खंडपीठ सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत, तेव्हा वरच्या कोर्टासाठी आता मुंबईला फेऱ्या माराव्या लागत नाहीत. रायगडच्या लोकांना मात्र मुंबईच. चुलतभावाचा अर्ज आधी आणि स्वतंत्र करण्यात अर्थ आहे. दोषारोपपत्र नव्वद दिवसांत आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो. हे नव्वद दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, ती तारीख धरून, मोजावेत. एखाद्या दिवसाच्या चुकीने हा हक्क गमावलेले आरोपी आहेत.

पुढचा प्रवास थोडक्यात : दोषारोपपत्राच्या प्रती मिळतात, प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग होते, आणि वर्ग झाल्यापासून साठ दिवसांच्या आत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला न चालवताच सोडून देण्याचा, अर्ज करता येतो. मग न्यायालय दोषारोप निश्चित करते. वकील १०३ ऐवजी १०५ लावावे असा युक्तिवाद तेव्हा करू शकतो, पण त्या टप्प्यावर न्यायालये पुरावा खोलात तपासत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा कलमाचा खरा निर्णय अंतिम निकालातच होतो. फाशीची भीती घरच्या वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर ती काढून टाका. १९८० च्या बच्चन सिंग निकालानंतर मृत्युदंड दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांतच देता येतो, आणि हद्दीच्या भांडणातला एक फटका त्या जातीचा नाही. खून हा तडजोडीने मिटणारा गुन्हाही नाही. गावकीच्या बैठकीत दोन्ही घरांनी नारळ ठेवून काहीही कबूल केले तरी न्यायालयावर त्याचे बंधन नाही, उलट ‘पैसे देऊन साक्षीदार फिरवला’ हा आरोप मात्र त्यातून उभा राहू शकतो.

‘काही केले नसेल तर वकील कशाला’ या प्रश्नाला मी एवढेच म्हणेन की सरकारच्या बाजूने पोलीस, न्यायसहायक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील पहिल्या दिवसापासून काम करत असतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(१) ने आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क दोषी-निर्दोष असा भेद करत नाही. ज्यांनी नकार दिला त्या वकिलांचे मयताच्या घराशी नाते किंवा जुने वकीलपत्र असेल तर त्यांचा नकार योग्यच आहे, तालुक्याच्या गावी असे होतेच. पण वकील संघटनेने ठराव करून कोणाचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले असेल, तर असा ठराव अवैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात बजावले आहे.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात अर्ज करा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तुरुंगातूनही अर्ज जातो, आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मोफत म्हणजे कच्चा, असे धरून चालू नका. २०१९ च्या अनोखीलाल निकालानुसार जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा किमान दहा वर्षांचा अनुभव असला पाहिजे आणि त्याला तयारीसाठी साधारण किमान सात दिवस मिळाले पाहिजेत. खासगी वकील निवडताना, त्याने सत्र न्यायालयात खुनाचे खटले शेवटपर्यंत चालवले आहेत का, डॉक्टरांचा उलटतपास स्वतः घेतो की सहकाऱ्यावर सोपवतो, आणि फी कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे, हे सरळ विचारा. निकालाची हमी देणाऱ्याकडे आणि ‘साहेबांशी बोलून कलम कमी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

पहिल्या भेटीला प्रथम खबरेची प्रत, रिमांडचे कागद, कलमवाढीचा अहवाल, सर्व रुग्णालयांचे केसपेपर जेवढे मिळतील तेवढे, सातबारा, मोजणीचा नकाशा आणि हद्दीवरून पूर्वी झालेल्या तक्रारींच्या प्रती घेऊन जा. रस्त्यावरच्या दुकानाचा किंवा शाळेचा सीसीटीव्ही असेल तर त्याचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी वकिलामार्फत लगेच करून घ्या. जुन्या तक्रारींबाबत आपल्याला शंका येईल, कारण त्यांत चुलत्यांनी ‘बघून घेईन’ असे लिहून दिलेले असण्याचा संभव आहे आणि ते वैर दाखवते. तरीही त्या घरी ठेवू नका. वकिलाशी झालेले बोलणे आणि त्याला दाखवलेले कागद साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने गोपनीय राहतात. सरकार पक्षाकडे ती तक्रार पोलीस ठाण्याच्या दप्तरातून येणारच आहे, आणि बचावाच्या वकिलाने ती प्रथम सरकारी वकिलाच्या हातात पाहिली तर तिला उत्तर शोधायला त्याला एका उलटतपासापुरताही वेळ मिळत नाही.